ब्लोअरमधला कापूस

माझ्या सुनेचं, मयुरीचं, लेकरू दिवस भरायच्या आधीच झालं, मुठीएवढं. चिखलीच्या दवाखान्यातून त्याला घरी न्यायचं होतं आणि डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, गार वारा लागू देऊ नका, छाती नाजूक आहे. बाहेर डिसेंबरची थंडी. लेकानं, प्रसेनजितनं, गाडीचा हीटर लावला तर साधी फुंकर निघेना. मायलेकरं वॉर्डातच ठेवली आणि आम्ही शकीलच्या गॅरेजवर.

घरी गावातल्या बाया लेकरू पाहायला जमलेल्या. माझा पाय एका जागी ठरेना.

शकीलनं फ्यूज काढून उजेडात धरला. "उडाला." नवा बसवला, बटण फिरवलं, तोही गेला.

"तुले जमते का नाही बे?" मी म्हटलं.

"जमते मावशी. फ्यूज घडीघडी उडते म्हंजे ब्लोअरची मोटर कुठंतरी अटकली." त्यानं डाव्या सीटपुढचा खण उतरवला, आत हात घातला. पंखा हलेना. मग बोटांनी ओढत राहिला. कापूस निघाला, सोयाबीनची टरफलं निघाली, उंदराच्या लेंड्या निघाल्या.

"गाडी ठेवता कुठं?"

"कापसाच्या खोलीत. रस्त्यावर पोट्टे ओरखडे काढतात."

"अन् कापूस इकला नाही अजून?"

"भाव चढल्याबिगर आमच्या घरी इकत नाहीत."

"उंदीर नाही थांबला भावासाठी," शकील म्हणाला. प्रसेनजित तोंड फिरवून हसला. मी पाहिलं, तसं थांबला.

पंखा साफ झाला, नवा फ्यूज टिकला, गरम हवा आली. सोबत उंदराच्या मुताचा वासही आला. काचा उघडून बराच वेळ चालू ठेवला. मी सारखी गाडीत डोकं घालून हुंगायची. शेवटी हवेच्या जाळीपुढं पदर धरला. काळ्या पदरावर बारीक पांढरी तुसं येऊन बसली.

"माय, वास येते थोडासा, पन निघू ना," प्रसेनजित म्हणाला. "उन्ह उतरलं. घरी समदे वाट पाहून राह्यले."

"सिंधूले फोन लाव."

सिंधू माझी धाकटी जाऊ. तिला सांगितलं, "बायाले जेवू घाल अन् धाडून दे. आज लेकरू येत नाही. उद्या गाडी धुऊन, ऊन चढल्यावर आनतो."

"बाया काय म्हनतीन, बाई? सकाळपासून बसल्या."

"म्हनू दे. जेवून म्हनतीन."