खुंटीवरचा कप

लिंक आली तेव्हाच नीरजाला कळलं होतं, की ही आपल्यासाठी नाही.

लेकीला, कादंबरीला, मांडीवर घेऊन ती वरणभात भरवत होती. फोन वाजला. ऑफिसात नव्याने आलेल्या अकाउंटंटचा, सलिलचा मेसेज होता : हेल्थ इन्शुरन्ससाठी घरच्यांची नावं भरा. नारायण पेठेतल्या एका प्रकाशनात नीरजा सकाळचे चार तास शालेय गाइडांची प्रुफं तपासायला जायची. विमा फक्त पूर्णवेळ माणसांना, हे दत्तप्रसाद सरांनी तिला ठेवून घेतानाच सांगितलं होतं. आणि सर एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाहीत. पोराची काहीतरी गफलत झालीय, उद्या सांगू, असं म्हणत तिने पुढचा घास कालवला. लेक झोपल्यावर मात्र तिने सगळी नावं भरून टाकली. आपलं, नवऱ्याचं म्हणजे आमोदचं, कादंबरीचं. सासूबाईंचं नाव लिहिताना तिने स्पेलिंग दोनदा तपासलं.

का केलं, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. पण आनंदीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाई जेवायच्या वेळेला घरी हजर. नोकरीला जातात की मंडईत, काही कळत नाही." लोक हसायचे. नीरजाही हसायची.

कार्ड आलं तेव्हा आनंदीबाईंनी ते खिडकीशी नेऊन, हात लांब धरून वाचलं.

"माझं नाव घातलंय? तुझ्या ऑफिसने?"

"हो."

"अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी नीरजा घाईघाईने कणीक भिजवायला गेली, तर पोळ्या करून डब्यात ठेवलेल्या. "तू जा. कामाच्या माणसाने उशीर करू नये." भिशीतल्या शकूमावशींनाही कळलं, खालच्या दुकानदारालाही कळलं. कादंबरीला कडेवर घेऊन आनंदीबाई गॅलरीतून हात हलवायला लागल्या, "आईला टाटा कर. आई ऑफिसला चालली." नीरजा वर न बघताच हात हलवायची. उद्या सांगू, ती म्हणायची. उद्या सकाळी पोळ्या तयार असायच्या.

मग आनंदीबाईंच्या मोतीबिंदूचा विषय निघाला. वर्षभर "बघू, बघू" करत टाळलेलं ऑपरेशन आता त्यांनी स्वतःच ठरवलं, बुधवारचं. "माझ्या सुनेच्या कार्डावर," असं डॉक्टरांनी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं. हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरच्या मुलीने फक्त ऑफिसचं एक पत्र मागितलं.

"हात्तिच्या, एवढंच ना," सलिल म्हणाला आणि लगेच टाइप करायला बसला. "आजी एकदम फिट होतील मॅडम. डोन्ट वरी."

नीरजा त्याच्या मागे उभी होती. प्रुफं बघायची सवय. डोळे स्क्रीनवरच्या शब्दावरून शब्दावर जात होते. 'सौ. नीरजा या आमच्या संस्थेत पूर्णवेळ' इथे येऊन ते थांबले.

"सलिल, तो शब्द चुकलाय."

"कुठला?"

"पूर्णवेळ. मी एक वाजता घरी जाते."

तो वळला. "म्हणजे आज?"

"रोज. तू बँकेत, नाहीतर जेवायला गेलेला असतोस तेव्हा. मी पार्टटाइम आहे. तो विमा मला नाहीये."

सलिलचा चेहरा उतरला. "पण मॅडम, तुमचा कप आहे की."

चहाच्या ओट्यावर भिंतीत खुंट्यांची पट्टी होती. जो कायम झाला, त्याच्या नावाचा कप तिथे टांगायचा, बाकीच्यांना काचेचा ग्लास. ही तिथली जुनी रीत. सलिल आला तेव्हा ऑफिसात कोण कायमचं असं त्याने विचारलं, तर सरांनी मान वर न करता सांगितलं होतं, "कप बघून घ्या." त्याने कप बघून घेतले. नीरजाचा कप मात्र शिपाई दशरथने टांगला होता. कादंबरी अंगावर पीत होती त्या दिवसांत नीरजा गरम ग्लास पदरात धरून चहा प्यायची, ते बघून त्याने घरून कप आणला आणि नखाएवढ्या अक्षरांत त्यावर नाव घातलं. ती मायेची खुंटी होती, कायमपणाची नव्हे.

"माझं प्रोबेशन चालू आहे," सलिल हळूच म्हणाला.

"तू नको सांगू. मी जाते आत."

दत्तप्रसाद सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सलिलने कप मोजले. बरं. तुम्हाला ही चूक कधी कळली?"

आज, असं म्हणता आलं असतं. पत्र बघितलं तेव्हा. ते वाक्य जिभेवर तयार होतं आणि त्यात ती सुटत होती, सगळं सलिलवर जात होतं.

"लिंक आली तेव्हाच," नीरजा म्हणाली.

सरांनी टेबलावरचे कागद सरळ केले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाव काढून घेऊ," ते शेवटी म्हणाले. "कप राहू द्या. कपाने काही केलेलं नाही."

बाहेर दशरथ उभा होता. दार उघडंच होतं. "म्या टांगला म्हून झालं का ताई?"

"नाही हो काका," म्हणताना तिला त्याच्याकडे बघवेना.

घरी आनंदीबाई हॉस्पिटलची पिशवी भरत होत्या. नवा टॉवेल, तांब्या, गणपतीचा छोटा फोटो. कादंबरी एकेक वस्तू बाहेर काढत होती आणि त्या न कंटाळता पुन्हा आत ठेवत होत्या. नीरजाने चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसली असती तर सांगवलं नसतं.

"म्हणजे बुधवारी नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

"आमोदशी बोलते आई. आपण करूच ऑपरेशन. कार्डाशिवाय करू."

"ते होईल गं. तुला कधी कळलं?"

एकाच दिवसात दुसऱ्यांदा तेच विचारलं गेलं. नीरजाने तेच उत्तर दिलं. आनंदीबाईंनी टॉवेल पिशवीतून काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि कपाटात ठेवायला निघून गेल्या. कादंबरीला वाटलं, आजी खेळतेय. ती टाळ्या वाजवत मागे गेली.

नीरजा स्वयंपाकघरात गेली. वरण गॅसवर ठेवलं. आतल्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू यायला लागलं.

"शकू, मी बोलतेय. अगं, ते बुधवारचं पुढे गेलं. ते कार्ड की नाही, चुकून आलं होतं. हो ना... नाही, नाही, तिला काय माहीत? आलं त्याच दिवशी जाऊन सांगितलं हो तिने ऑफिसात. तसली नाहीये ती."

वरण उतू गेलं. नीरजाने गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिली. कान तापले होते. सरांसमोरसुद्धा इतके तापले नव्हते.

आनंदीबाई पाणी प्यायला आत आल्या.

"आई, शकूमावशींना खरं सांगायचं होतं," ती ओट्याकडे बघतच म्हणाली. "मी सांगते हवं तर."

"तुझं काय, तू ऑफिसात खरं बोलून मोकळी झालीस." आनंदीबाईंनी भांडं पालथं घातलं. "मला भिशीत बसायचंय."

जाता जाता त्या दाराशी थांबल्या. "पीठ चाळून ठेवलंय. पोळ्या तू कर आज. मला नीट दिसत नाही."

नीरजाने परात ओढली, कणीक भिजवली. कादंबरी पायाशी येऊन बसली, हात पुढे करून. नीरजाने कणकेचा एवढासा गोळा तिच्या तळहातावर ठेवला, आणि लेकीने मान वर करून बघितलं तेव्हा तोंड दुसरीकडे केलं.