पेढीवर माणूस पाहिजे

मल्लप्पा कलशेट्टीचं एक ठरलेलं होतं. भांडण कुणाचंही असो, आपण मालकाच्या बाजूनं बोलायचं. स्वतः मालक होता ना! सोलापूरच्या मार्केट यार्डात त्याची अडत होती, शेतकऱ्यांची तूर, ज्वारी, हरभरा विकून द्यायची पेढी. त्यामुळे लेकीच्या कंपनीनं मेल धाडला, की एक तारखेपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं, घरून काम बंद, आणि जो येणार नाही त्यानं राजीनामा दिला असं धरलं जाईल, तेव्हा भवानी पेठेतल्या त्या घरात कंपनीचा वकील आयताच जेवायला बसलेला होता.

"बरोबरच हाय की त्यांचं," मल्लप्पा भाकरी मोडत म्हणाला. "पेढीवर माणूस पायजे. आमचा दिवाणजी उद्या म्हणाला, मी घरी बसून मापं बघतो, तर मी काय त्याची आरती करू?"

"अप्पा, मी पोती मोजत नाही," महेश्वरी म्हणाली.

महेश्वरी ही त्याची एकुलती एक लेक. दवाखान्यांची बिलं विमा कंपनीकडं जायच्या आधी तपासायची, असं तिचं काम. लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्याहून लॅपटॉप काखेत मारून पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, आणि ते पंधरा दिवस काही संपलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकलं, एक चांगली खुर्ची आणली, नेट घेतलं, आणि पोरगी कामाला लागली. लग्न केलं नव्हतं, आणि त्याची तिला खंतही नव्हती.

"माझ्या टीममधला एकजण कोचीला, दोघी जयपूरला," ती म्हणाली. आवाज चढला होता. "पुण्याला जाऊन मी कुणाच्या शेजारी बसू? भिंतीच्या? ट्रॅफिकमधून धक्के खात ऑफिसात जायचं, तिथं कानाला हेच हेडफोन लावायचे आणि कोचीच्या माणसाशी बोलायचं. ते मी इथं बसून बोलतेच आहे की! एवढ्या वर्षांत माझं एक काम उशिरा गेलेलं दाखवा म्हणावं. काम झालं पाहिजे की खुर्ची गरम झाली पाहिजे? नुसता संताप येतो."

"सायबाला माणूस डोळ्यांसमोर लागतंय," मल्लप्पा म्हणाला. "त्याशिवाय इश्वास बसत न्हाय."

"म्हणजे मी जावं असंच म्हणताय ना तुम्ही?"

"मी कशाला म्हणू? कंपनी म्हणतीय."

आता बघा, इथंच सगळी गोम होती. मल्लप्पाच्या पोटात एक आणि ओठांवर एक, हे सगळ्या यार्डाला ठाऊक होतं. त्याचा धंदाच तसा. बाजार समितीनं उघडा लिलाव आणायच्या आधी भाव ठरायचे ते रुमालाखाली. दोघांचे हात एका रुमालाखाली जायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा. मल्लप्पा त्यातला उस्ताद. मनातला आकडा तोंडातून बाहेर काढणारा व्यापारी म्हणजे त्याच्या लेखी येडपट. आणि ही खोड त्यानं घरातही आणली होती. बायको नागम्मा गेली तेव्हासुद्धा हा बाबा ‘लई वाईट झालं’ एवढंच म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी पेढी उघडून बसला. त्यानंतरचं वर्षभर दुपारचं जेवण त्यानं पेढीवरच गिळलं. घरी यायची हिंमत होत नव्हती, पण ते सांगणार कुणाला?

लेक आली आणि तो दुपारी घरी जेवायला यायला लागला. तिला तो ‘अव्वा’ म्हणू लागला, कानडीत आईला म्हणतात तसं. तिचं काम चालू असलं की दारातून आत यायच्या आधी चपला हातात घ्यायचा, आवाज नको म्हणून. जेवताना बाजाराच्या गप्पा सांगायचा, ती हसली की आणखी रंगवून सांगायचा. एवढं सगळं होतं, पण ‘तू जाऊ नकोस’ हे तीन शब्द काही तोंडातून निघेनात. म्हाताऱ्या बापानं पोरीला घरात अडकवून ठेवली असं उद्या कुणी म्हणालं तर? छे! त्यापेक्षा कंपनीची बाजू बरी.

आणि पोरगी बापाचीच. तिनंही मनातलं काही बोलून दाखवलं नाही. हे रोज ‘पेढीवर माणूस पायजे’ म्हणतात, म्हणजे आपण जावं असंच यांना वाटतंय, असा तिनं अर्थ काढला. पुण्यात खराडीला एका मैत्रिणीकडं खोली ठरवून टाकली. मग एके दिवशी शेजारच्या तानाबाईला घेऊन स्वयंपाकघरात आली.

"तानाबाई सकाळ-संध्याकाळ भाकरी-भाजी करून देतील, अप्पा. चहाचं, साखरेचं, सगळं त्यांना दाखवून ठेवलंय."

"काळजी करू नका मालक," तानाबाई म्हणाली. "मऊसूत भाकरी देते की न्हाय बघा."

मल्लप्पा "बरं" म्हणाला. तानाबाई चहाचा डबा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवत होती, आणि त्याला वाटलं, संपलं. आता हे घर परत पहिल्यासारखं होणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं धोतर बदलून इस्त्रीचा पांढरा लेंगा-नेहरू घातला, शेंगाचटणीचा डबा पिशवीत टाकला, आणि "श्रीपूरला कारखान्यावर जाऊन येतो, काम हाय" अशी थाप मारून थेट पुण्याची गाडी पकडली. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. कुठलंही अडलेलं काम माणसासमोर जाऊन बसलं की सुटतं. तहसीलदार असो, बँकेचा मॅनेजर असो, समोर बसायचं, पाणी प्यायचं, घरचं काहीतरी हातात द्यायचं आणि विषय काढायचा. कंपनीचा साहेब काय वेगळा असणार? लेकीचं नाव न घालवता, तिला न कळता, गोडीगुलाबीनं काम करून संध्याकाळच्या गाडीला परत.

कंपनीची इमारत मात्र मान मोडेपर्यंत उंच निघाली. दारावरच्या वॉचमननं अडवलं.

"कुणाला भेटायचंय, काका?"

"महेश्वरी कलशेट्टीच्या सायबाला. मी तिचा बाप. सोलापूरवरनं आलोय."

"सोलापूर? मी करमाळ्याचा की!" वॉचमनचं तोंड एकदम उजळलं. भीमा त्याचं नाव. बाप लेकीच्या साहेबाला भेटायला पिशवी घेऊन आलाय हे पाहून त्याला हसू आलं, पण गावाकडचं माणूस म्हणून त्यानं ते दाबलं. पाणी दिलं, गळ्यात पास अडकवला आणि लिफ्टनं वर नेऊन सोडलं.

वर मल्लप्पानं पाहिलं आणि पाहतच राहिला. लिलावाच्या शेडएवढी लांब खोली, ओळीनं टेबलं, ओळीनं खुर्च्या, आणि निम्म्याहून जास्त रिकाम्या. जी माणसं होती त्यांनी कानाला यंत्रं लावलेली, प्रत्येकजण आपल्या समोरच्या पडद्याशी बोलतोय. शेजारचा शेजाऱ्याकडं बघत नव्हता. यार्डात एवढी माणसं असती तर कान फुटले असते. इथं एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

काउंटरवर शिवानी नावाची एक मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरवर नाव शोधलं.

"महेश्वरी मॅडमचे मॅनेजर वैरागडे सर. पण ते इथं नसतात, काका. ते नागपूरला घरून काम करतात."

"घरून?" मल्लप्पाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सायेबच घरी? मग माझ्या पोरीला हितं कशाला बोलावलंय?"

शिवानीलाही रोज चाकणहून यावं लागत होतं. म्हातारा उन्हातान्हाचा आलाय, तसाच परत जाईल, हे तिला बघवेना. तिनं वैरागडे साहेबांना फोन केला, मल्लप्पाला एका काचेच्या खोलीत बसवलं, भिंतीवरचा मोठा पडदा लावून दिला आणि बाहेर उभी राहिली.

पडद्यावर साहेब आले. चाळिशीचा माणूस, वर कडक शर्ट, डोळ्यांखाली जागरण. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"नमस्कार काका. एवढ्या लांब कशाला आलात? फोन करायचा होता."

"समोर बसून बोलावं म्हणलं," मल्लप्पा म्हणाला, आणि समोर भिंत आहे हे लक्षात येऊन ओशाळला. चटणीचा डबा त्यानं हळूच पिशवीत सरकवला. "सायेब, तुमचं बरोबर हाय. कंपनी हाय, नियम पायजे. पर माझी पोरगी कामाला चोख हाय. सोलापुरातनंच करू द्या की."

"तिचं काम मला माहीत आहे, काका. हा हुकूम माझा नाही, वरून आलाय. मलाही तोच मेल आलाय. माझी आई अंथरुणावर असते म्हणून मला सूट मिळाली. घरी कुणी आपल्यावर अवलंबून असेल तर वर्षभर सूट देता येते, एवढंच माझ्या हातात आहे. महेश्वरीला मी दोनदा विचारलं. घरी कुणी अवलंबून आहे का? हो म्हण, बाकीचं मी बघतो. ती म्हणाली, माझे वडील कुणावर अवलंबून नाहीत, सर."

मल्लप्पाला तो दिवस आठवला. चपला हातात घेऊन तो दारात उभा होता. लेकीनं वळून त्याच्याकडं पाहिलं होतं आणि मग हेडफोनवर साहेबाला हे वाक्य बोलली होती. छाती केवढी फुगली होती त्याची! संध्याकाळी यार्डात चार जणांना त्यानं सांगितलं होतं, माझी पोरगी सायबाला काय म्हणाली बघा. आणि पोरीनं ते वाक्य बाप दारात उभा होता म्हणून म्हटलं होतं. एवढं साधं त्याच्या डोक्यात आजवर शिरलं नव्हतं. काय म्हणावं असल्या अकलेला!

"थांबा, तिलाच घेतो," साहेब म्हणाले. मल्लप्पा "नको, नको" म्हणेपर्यंत पडद्याचे दोन भाग झाले आणि दुसऱ्या भागात भवानी पेठेतली ती खिडकी, ती खुर्ची आणि महेश्वरी दिसली.

"अप्पा?" ती चाट पडली. "तुम्ही श्रीपूरला गेलाय ना?"

मल्लप्पानं खाली बघितलं. चोरी पकडली गेली होती.

"महेश्वरी," साहेब म्हणाले, "काका समोर आहेत म्हणून शेवटचं विचारतो. घरी कुणी तुझ्यावर अवलंबून आहे का?"

महेश्वरीनं पडद्यातून बापाकडं पाहिलं. नेहरू शर्टाला इस्त्री, गळ्यात पाहुण्याचा पास, मोठ्या टेबलाशी एकटा बसलेला म्हातारा. मग ती म्हणाली, "नाही, सर. माझे वडील खंबीर आहेत. मी एक तारखेला येते."

पोरगी अजूनही बापाचीच अब्रू राखत होती. मल्लप्पानं सगळा जीव गोळा केला आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता ते बोलला. "हाय, सायेब. मी हाय अवलंबून."

पडद्यावरची दोघं तशीच बघत राहिली. ना हूं ना चूं.

"काका, तुमचा आवाज येत नाहीये," साहेब म्हणाले. "माइक बंद झालाय वाटतं."

आली का पंचाईत! शिवानी धावत आत आली, एक बटण दाबलं, "आता बोला, काका" म्हणाली आणि दार तसंच उघडं ठेवून गेली. मल्लप्पाच्या हातात अजूनही वेळ होता. ‘काय न्हाय, तुमची तब्येत इचारत होतो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी काही ऐकलं नव्हतं. तो उठून उभा राहिला. मोठ्यानं बोलायचं म्हटल्यावर त्याला एकच आवाज ठाऊक होता, लिलावाचा.

"मी मल्लप्पा कलशेट्टी, माझ्या लेकीवर अवलंबून हाय!" काचा हादरल्या असतील. "भाकरी मला कोण बी करून घालंल. पेढी चालंल. पर ती गेली की घर खायला उठतंय मला. तिची आई गेली तवा वर्षभर मी दुपारचा घरी गेलो न्हाय, भ्या वाटायचं. लिवून घ्या सायेब. तिच्याबिगर मला जमत न्हाय."

बाहेरच्या खोलीत एकेकाच्या कानावरची यंत्रं खाली आली. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती माणसं एकमेकांकडं बघत होती. मल्लप्पानं खुर्चीचा आधार घेतला.

महेश्वरीनं ओढणी तोंडाला लावली होती. "अप्पा," ती रडत रडतच चिडून म्हणाली, "हे मला घरी सांगता आलं नाही होय? रोज समोर बसून जेवता!"

"तू समोर असल्यावर कसं सांगू, अव्वा?" मल्लप्पा म्हणाला.

वैरागडे साहेबांच्या घरात कुणीतरी हाक मारली, ते "आलो, आई" म्हणाले आणि चष्मा पुसून पडद्याकडं वळले. "महेश्वरी, मग मी काय लिहू?"

तिनं डोळे पुसले आणि बापाकडं बघत, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "लिहा, सर. माझे वडील माझ्यावर अवलंबून आहेत."

लेकीच्या तोंडून ते ऐकताना मल्लप्पाचे कान तापले. पण त्यानं मान हलवली.