पडद्यावरचा मोकळा रस्ता

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या आवारात कंपनीची पांढरी व्हॅन उभी होती, आणि तिच्या पाठीमागं उभ्या असलेल्या गाडीला ती दिसत नव्हती.

मागची गाडी म्हणजे आमची विनाचालक गाडी. रायापूरच्या या शेडमध्ये आम्ही तिच्यासाठी रक्त आटवलंय. समोर काय आहे असं तिला वाटतं, ते आतल्या पडद्यावर रंगांत उमटतं. माणूस पिवळा, वाहन निळं, झाडझुडूप हिरवं. व्हॅन धुऊन होईपर्यंत निळीच होती. मग पोरांनी आयुधपूजेसाठी तिला मागंपुढं केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. मी सहज पडद्याकडं पाहिलं तर व्हॅन गायब आणि तिच्या जागी हिरवं झुडूप. मी पानं हातानं बाजूला दाबून धरली, व्हॅन निळी झाली. सोडली, पुन्हा हिरवी.

आणि आमची गाडी झुडपाला थांबत नाही. आधी थांबायची. धारवाडात जागोजागी फांद्या रस्त्यावर ओणवलेल्या, त्यामुळं ती सारखे ब्रेक मारायची. उन्हाळ्यात पैसे घालणारे पाहुणे बेंगळूरहून आले होते, त्यांतल्या एकाच्या शर्टावर कॉफी सांडली. त्याच संध्याकाळी मालकाचा हुकूम निघाला की पानं दिसली तर हलती फांदी समजायची आणि गाडी सरळ पुढं न्यायची. मी म्हटलं, आधी नीट तपासू. तो म्हणाला, नंतर तपासू. 'नंतर' हा आमच्या कंपनीचा सगळ्यात लाडका शब्द आहे.

आणि आज खंडेनवमी. आज हुबळी-धारवाडात सायकलीपासून लॉरीपर्यंत एकही वाहन केळीच्या पानांशिवाय सापडणार नाही. वाहनांचा सण म्हणून मालकानं मुद्दाम हाच दिवस निवडला होता. अकरा वाजता, पाहुण्यांसमोर, पुढची सीट रिकामी ठेवून गाडी पहिल्यांदा बाहेरच्या रस्त्यावर धावणार होती. मागच्या सीटवर माझी आई बसणार होती.

मालक म्हणजे प्रभंजन. शाळेत आम्ही एका वर्गात होतो आणि आई आम्हाला गणित शिकवायची. तो परदेशातली नोकरी सोडून गावात परतला तेव्हा आईनं अख्ख्या देशपांडे नगरात पेढे वाटले. मी इंजिनिअर झाले तेव्हा घरात चमचाभर साखरसुद्धा कुणाच्या हातावर पडली नव्हती. आता 'पहिला प्रवास माझ्या बाईंचा' म्हणून त्यानं तिला बोलावलं होतं. कॅमेरेवालेही बोलावले होते, हे सांगायला नकोच.

मी धावत त्याच्या केबिनमध्ये गेले. लोकांसमोर मी त्याला सर म्हणते, दार लागलं की अरेतुरे.

"प्रभंजन, कार्यक्रम थांबव. पानं बांधलेलं वाहन गाडीला दिसत नाही. चल, दाखवते."

तो आला. पडद्याकडं पाहिलं, व्हॅनकडं पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, तो मी नीट बघून ठेवला. मग तो पोरांकडं वळला. "ही व्हॅन इथून हलवा रे."

"व्हॅन हलवून काय होणार? रस्त्यावर आज—"

"रस्ता आपण दोन्ही टोकांना बंद केलाय. माणसं उभी केलीत. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. समोर येणारच नाही कोण."

"आणि आलं तर?"

"अश्विनी, आज हे झालं नाही तर ही मंडळी परत येणार नाहीत. शेडला कुलूप लागेल. तू, चेतन, सगळे घरी बसाल. चालेल तुला?"

"मग मला पुढं बसू दे. ब्रेकवर पाय ठेवून बसते."

"रिकामी सीट हाच तर कार्यक्रम आहे!"

"मागं माझी आई आहे."

"माझ्याही बाई आहेत त्या," तो म्हणाला, आणि इतक्या प्रेमानं म्हणाला की त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. मग त्यानं हात पुढं केला. "तुझं कार्ड दे. दमलीयस तू. घरी जा, पूजा कर."

कार्डाशिवाय नियंत्रण खोलीचं दार उघडत नाही. तिथं चेतन बसतो, आणि गाडी दुरून थांबवायचं बटण त्याच्यासमोर असतं. मी कार्ड देत नव्हते, तर त्यानं ते माझ्या गळ्यातून हळूच काढून घेतलं. आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. व्हॅन शेडच्या मागं गेली.

आई मांडवात खुर्चीवर बसली होती. जांभळी इरकल, केसांत शेवंती. मी तिच्या कानाशी वाकले. "आई, गाडीत बसू नकोस. तब्येत बरी नाही म्हण."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

"गाडीत दोष आहे गं. मी स्वतः बघितलाय."

"मग प्रभंजनला नाही दिसला? तो काय मला मारायला बसवणार?" तिनं माझ्याकडं वर्गात बघायची तसं बघितलं. "तू पहिल्यापासून त्याच्यावर जळतीस. चौथीत त्याचा पहिला नंबर आला, तेव्हापासून."

"आई, मी पाया पडते तुझ्या."

"हात सोड. लोक बघायलेत."

मी हात सोडला नाही, तिनंच हिसडा मारला. प्रभंजननं वाकून तिला नमस्कार केला, तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कॅमेरे लखलखले. त्यानं स्वतः दार उघडून तिला आत बसवलं. मला रडू येत होतं आणि रागानं कानशिलं तापली होती. रडायला वेळ नव्हता. स्कूटर काढली आणि गाडीच्या आधी फाटकाबाहेर पडले.

रस्ता मोकळा होता. प्रभंजनची माणसं टोकाला शिट्ट्या घेऊन उभी होती आणि मला वाटू लागलं की आपणच उगीच आकांडतांडव केलं. तेवढ्यात मारुतीचं देऊळ आलं.

देवळासमोर ट्रॅक्टर उभा होता. शेतातल्या वाटेनं आला असणार. रस्ता कुठल्या टोकाला बंद आहे, हे त्याला कशाला कळतंय? पूजेसाठी अर्धा रस्ता अडवून आडवा लावलेला, आणि नखशिखांत केळीत बुडालेला. रस्त्याच्या बाजूला तर माणसापेक्षा उंच खुंट असे दाटीनं बांधले होते की मलासुद्धा मागचं चाक दिसेना.

ट्रॅक्टर लवकर काढा म्हणून मी देवळाकडं तोंड करून कानडीत ओरडले, "अण्णा, ट्रॅक्टर तगीरी! लगूना तगीरी!" आत आरती चालू होती. घंटेच्या आवाजात माझी हाक कोण ऐकतंय? ट्रॅक्टरला किल्ली नव्हती.

चेतनला फोन लावला. "चेतन, गाडी थांबव. आत्ताच्या आत्ता!"

"का अक्का? पडद्यावर रस्ता मोकळा दिसतोय."

"देवळासमोर ट्रॅक्टर आहे!"

"इथं झाड दिसतंय अक्का."

"ते झाड नाही! बटण दाब!"

"सरांनी सांगितलंय, त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. थांबा, सरांना विचारतो." आणि त्यानं फोन ठेवला. आता हाही विचारायला गेला, मी मनात म्हटलं, सगळे विचारायलाच बसलेत.

मी खुंट उपटायला लागले. सुंभानं करकचून बांधलेले. एक निघाला, दुसरा हलेना, बोटांची सालं निघाली. तेवढ्यात वळणावर गाडी आली. आवाज नाही, काही नाही. पुढची सीट रिकामी, आणि मागं आईचा जांभळा पदर.

माणूस दिसला की ती थांबते. एवढं एक मला पक्कं ठाऊक होतं. पण मी केळीला चिकटून उभी राहिले तर? पानांच्या घोळक्यात मीही हिरवी झाले तर? पाठीमागं हिरवं असताना माणूस दिसतो का, हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. म्हणून मी पानांपासून दूर, रस्त्याच्या मधून, गाडीच्या दिशेनं चालत सुटले. दोन्ही हात पसरून. पाय नको म्हणत होते, मी त्यांना शिव्या घालत चालले. गाडीचा वेग कमी होत नव्हता. आईनं मला पाहिलं, ती पुढच्या सीटला धरून अर्धवट उठली, तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचं सुचलंच नाही.

टायर किंचाळले. गाडी थांबली. हात लांब केला असता तर बॉनेटला लागला असता.

मी तशीच उभी. मागून उघड्या जीपमधून पाहुणे, कॅमेरेवाले आणि प्रभंजन आले. आधी कुणीतरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. गाडी माणसाला कशी अलगद थांबली! देवळातूनही माणसं बाहेर आली आणि कशासाठी ते न कळता त्यांनीही टाळ्या धरल्या.

प्रभंजन जीपमधून उतरला. त्यानं ट्रॅक्टर बघितला, मला बघितलं, आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. तो काय बोलणार याची मी वाट बघत होते. त्यानं माइक तोंडाशी धरला.

"ही आमची अश्विनी. आमची इंजिनिअर. गाडीवर हिचा इतका विश्वास, की स्वतः समोर येऊन उभी राहिली! आमच्याकडं आधी सुरक्षा, मग बाकी सगळं."

पुन्हा टाळ्या. हेच त्यानं पाहुण्यांसाठी इंग्रजीत सांगितलं. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नाही. मी त्याच्या हातातला माइक घेतला, त्यालाही वाटलं मी आभार मानणार.

"सर," मी म्हटलं, "आता मी बाजूला होते. ट्रॅक्टर आहे तिथंच राहू दे. गाडी वळणापर्यंत मागं नेऊ, आणि त्याच वेगानं पुन्हा आणू. फक्त आत माझ्या आईऐवजी तुम्ही बसा."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कॅमेरे चालूच होते.

प्रभंजन हसला. "अगं, मंडळींना जेवायला उशीर—"

मागचं दार उघडलं. आई उतरली. शेवंती खांद्यावर लोंबत होती, कपाळावर घाम होता. ती ट्रॅक्टरपाशी गेली, पानं बाजूला सारून तिनं मागचं चाक बघितलं, मग माझी सोलवटलेली बोटं बघितली. परत येऊन तिनं गाडीचं दार पूर्ण उघडलं आणि हातानं धरून ठेवलं.

"बस की रे प्रभंजन," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

तो ट्रॅक्टरकडं बघत राहिला. मग रिकाम्या सीटकडं. आणि सगळ्यांच्या देखत, स्वतःलाही न कळता, तो त्या उघड्या दारापासून एक पाऊल मागं सरकला.

आईनं ते पाऊल बघितलं आणि दार लावून टाकलं.