पाचवा भाग

इस्पितळात पुस्तके वाटणाऱ्या पुस्तकबाईने चाकांची गाडी खाटेच्या पायथ्याशी थांबवून वरच्या फळीवरील एक पातळसे पुस्तक पुढे केले, तेव्हा जन्मभर पुस्तके बांधलेल्या बाइंडरने उचललेला हात मागे घेतला आणि चादरीखाली ठेवला.

"ही कादंबरी एकटीच आहे का? पुढचे भाग नाहीत?" त्याने विचारले.

"एकटीच. दीडशे पानं. दोन दिवसांत होईल."

"मग नको."

"काका, गेल्या मंगळवारी नको म्हणालात. त्याच्या आधीच्या मंगळवारीही नको म्हणालात."

"पुढच्याही म्हणेन. माणसांची नीट ओळख व्हायलाच शंभर पानं लागतात. आणि तुमची माणसं दीडशेव्या पानावर उठून चालायला लागतात. असल्यांशी ओळख करायचीच कशाला?"

पलीकडच्या खाटेवर ड्रायव्हर होता. तीस वर्षे मालट्रक चालवून झाल्यावर त्याच्या मूत्रपिंडांनी एकदम संप पुकारला होता, असे तो स्वतःच सांगत असे. त्याने हात लांब केला.

"आणा ते इकडं. आपल्याला एकटीच लागते. माल भरला, पोचवला, गाडी रिकामी. यांचं आपलं बारा गावं हिंडायचं आणि माल गाडीतच."

"जो माणूस शेवटचं पान आधी वाचतो त्यानं बोलू नये."

"पुढं रस्ता बंद आहे का, ते आधी बघून घ्यावं बाइंडरसाहेब. नंतर एवढं मोठं धूड मागं घेताना फार त्रास होतो."

पुस्तकबाई हसली. बाइंडरही हसला असता, परंतु हसताना त्याच्या डाव्या कुशीत कळ येत असल्यामुळे अलीकडे तो केवळ भुवया वर करून भागवीत असे.

बारा भागांची एक कादंबरी हे या माणसाचे आयुष्यभराचे वाचन होते. एका दीपगृहाच्या रखवालदाराचे घराणे, त्याच्या तीन पिढ्या, आणि समुद्रावरून येणारी व न येणारी माणसे, असा तिचा विस्तार होता. तारुण्यात त्याने एकेक भाग प्रसिद्ध होताच घेतला, त्याची छापील पाठ काढून टाकली आणि फर्मे, म्हणजे पानांच्या शिवलेल्या जुड्या, सुटे करून स्वतःच्या हाताने पुन्हा शिवले. घरातील पडदे बदलले त्या वर्षी जुन्या पडद्यांचे हिरवे कापड पुठ्ठ्यांवर चढविले. ते नऊ भागांना पुरले आणि उरलेल्या तिघांना तपकिरी लागले, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती. "तीन सावत्र," असे त्याची पत्नी त्या भागांना म्हणत असे. दर चारपाच वर्षांनी तो पहिल्यापासून बाराव्यापर्यंत वाचीत जाई. पत्नी गेली तेव्हा तो आठव्यात होता. तेरा दिवस पुस्तक मिटलेले राहिले, आणि पुढे ज्या पानावर थांबला होता त्याच पानापासून त्याने आरंभ केला.

इस्पितळात येताना त्याने चौथा भाग सोबत आणला होता. तो संपून पाच आठवडे झाले होते. पाचवा घरी कपाटात होता आणि मुलगा तो उद्या आणणार होता. हा उद्या रोज नव्याने उगवत असे. त्यापुढचे सात भाग घरच्या खुर्चीत, खिडकीशी बसून वाचायचे आहेत, ही गोष्ट बाइंडर डॉक्टरांना, नर्सला आणि झाडूवाल्यालाही सांगत असे. त्याचे घरी जाणे म्हणजे ते सात भाग होते; दुसऱ्या कोणत्याही शब्दांत तो त्या विषयावर बोलत नसे.

"थांबा," पुस्तकबाई खाली वाकत म्हणाली. "तुम्हाला जाडच पाहिजे ना? खालच्या फळीवर एक आहे. एकटीच आहे, पण चांगली चारशे पानांची. जुनी आहे, बांधणी मात्र भक्कम."

तिने ते पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवले.

ते हिरवे होते. वरच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा फिकट पट्टा होता. पडदा खिडकीत लटकत असताना ऊन नेमके तेथे पडत असे. बाइंडरने पुस्तक उघडले नाही. त्याने पाठीवरून अंगठा फिरविला. दोऱ्याच्या पाच गाठी कापडाखाली एकापाठोपाठ एक लागल्या. पाठीवर जेथे भागाचा आकडा असावयास हवा तेथे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

"हे कुठून आलं?"

"लोक देतात. हे गेल्या महिन्यात आलं. दोन खोकी होती."

"कुणी दिली?"

"एक गृहस्थ होते. चष्मेवाले. अगदी सभ्य. वडिलांची पुस्तकं आहेत, घरात जागा करायची आहे म्हणाले. वडील गेले असतील, म्हणून मी जास्त काही विचारलं नाही."

बाइंडरने नखाने कागदाच्या पट्टीची कड उचलली. तिच्याखाली सोनेरी अक्षरांत भाग पाचवा असे लिहिलेले होते. त्यातील एक अक्षर किंचित तिरपे बसले होते. त्या दिवशी घरात पाहुणे आले होते आणि त्याचा हात हलला होता.

पुस्तकबाईचा चेहरा उतरला.

"एकटी म्हणालात," बाइंडर म्हणाला.

"काका, रागावू नका. या वॉर्डात मी मालिका देत नाही. सुरुवातीला देत होते. माणूस तिसरा भाग संपवतो, चौथा मागतो. मी शोधून आणते, आणि इथं येऊन बघते तर…" ती थांबली आणि तिने फळीवरील पुस्तके उगाच सरळ केली. "म्हणून मी आकडे झाकते. ज्याच्या हाती जो भाग लागेल तो त्याची कादंबरी. लोक वाचतात. कुणी तक्रार करत नाही."

"बाकीचे अकरा?"

"अकरा? हा सोडून माझ्याकडं दहाच आले. चौथा नव्हता. दोन बाळंतिणींच्या वॉर्डात आहेत, तीन हाडांच्या. काही तळमजल्यावर गेले. एक रुग्ण एक घरी घेऊन गेला. आणखी एक तपकिरी होता, तो भिजला म्हणून टाकून दिला."

"तपकिरी कितवा?"

"ते कसं सांगू, काका? झाकलेला होता ना."

बाइंडरने मान हलविली. तिने वहीत पुस्तकाची नोंद केली आणि ती गाडी ढकलीत पुढे गेली. एक चाक कुरकुरत होते. ते वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिले.

"घेतलंत की शेवटी एकटीच!" ड्रायव्हर म्हणाला. "कसली आहे?"

"बांधणी चांगली आहे," असे म्हणून बाइंडरने पुस्तक उशीखाली सरकविले.

चार वाजता भेटीची घंटा झाली आणि मुलगा आला. तो एका विम्याच्या कचेरीत होता. वडिलांच्या बांधणीच्या दुकानातील खळीचा वास त्याला बालपणापासून सोसत नसे, आणि सोळाव्या वर्षानंतर त्याने त्या उंबरठ्यावर पाय ठेवला नव्हता. तो स्टुलावर कडेला बसला. त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका वाळलेला होता.

"कसं वाटतंय, बाबा?"

"बरं. पाचवा भाग आणलास?"

"राहिलाच. कपाटाची चावी सापडत नाही."

"कपाटावरच्या डब्यात आहे."

"हो का? बघतो मग."

"डबा आहे ना तिथं?"

"असेल की. कुठं जाणार?"

"आणि कपाट?"

मुलाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"कपाट कुठं जाणार, बाबा? काहीतरीच विचारता तुम्ही."

बाइंडरने डोके मागे टेकले. उशीखालचा पुठ्ठा त्याच्या मानेला कडेने रुतत होता. त्याने मान हलविली नाही.

"रंग काढताय का घरात?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

मुलाने मनगटाकडे पाहिले आणि बाही खाली ओढली.

"कचेरीत चाललंय रंगकाम. जिथं तिथं लागतं."

"तेलाचा रंग लगेच पुसावा. वाळला की कातड्यावरून जात नाही."

"हो."

"घाई काही नाही पुस्तकाची. पण सापडलं नाही तर तसं सांग. मला चालेल. सापडलं नाही, एवढंच सांगितलंस तरी चालेल."

या वाक्यानंतर त्याने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला. मुलाने समोरच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले.

"सापडेल हो, बाबा. परवा नक्की आणतो."

तो गेल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "गुणी आहे पोरगा. माझा महिन्यातनं एकदा येतो, आणि गाडी कुठं लावली ते सांगूनच परत जातो."



मधला सबंध दिवस त्याने हिरवे पुस्तक उशीखालून काढले नाही. नर्स चादर बदलण्यास आली तेव्हा त्याने स्वतः ते उचलून छातीशी धरले आणि चादर बदलून होताच पुन्हा होते त्या जागी ठेवले. ड्रायव्हरने दोनदा मागितले. दोन्ही वेळा त्याने झोपल्याचे सोंग केले, आणि ते सोंग असल्याचे ड्रायव्हरला समजले.

तिसऱ्या दिवशी मुलगा घंटा होण्यापूर्वीच दारात उभा होता. आत येताच त्याने पिशवीतून पुस्तक काढले. त्याला तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले होते. घड्या सरळ होत्या आणि कोपरे टोकदार दुमडलेले होते. सुनेचा हात नीटनेटका होता.

"घ्या. पाचवा भाग."

"सापडला?"

"डब्यातच होती चावी. तुम्ही म्हणालात तिथंच."

"आणि कव्हर?"

"हिनं घातलं. म्हणाली, इस्पितळात मळेल, बाबांचं जिवापाड जपलेलं पुस्तक आहे."

बाइंडरने ते दोन्ही हातांत घेतले. ते हलके होते. त्याने सवयीप्रमाणे पुस्तक मध्यावर उघडले. पाठीतून कट् असा बारीक आवाज आला, आणि एकशे ब्याण्णवावे व एकशे त्र्याण्णवावे पान यांच्यामध्ये वाळलेल्या गोंदाची पांढरी रेघ दिसू लागली. त्यात दोरा नव्हता. कागद नवा होता आणि त्याला दुकानाचा वास येत होता.

मुलगा त्याच्या बोटांकडे पाहत होता. एखादा माणूस परीक्षकाच्या लाल पेन्सिलीकडे पाहतो तसे ते पाहणे होते. या पुस्तकासाठी तो दोन दिवस दुकाने हिंडला असावा. इतकी जुनी कादंबरी सहजी मिळत नाही. हे बाइंडरला समजत होते, आणि समजत होते म्हणूनच त्याला तोंड उघडता येईना. पुस्तक आले नसते तर रागावणे सोपे झाले असते.

"हेच ना?" मुलाने विचारले.

"हेच."

मुलाचे खांदे खाली आले. तो स्टुलावर नीट, मागे सरकून बसला. नंतर त्याने सुनेचे दुखणारे दात, कचेरीतील नवा साहेब आणि जिन्यातील बंद पडलेले नळ यांविषयी सांगितले. गेल्या पाच आठवड्यांत तो इतका बोलला नव्हता. बाइंडरने प्रत्येक गोष्टीला मान हलविली. त्याचा अंगठा त्या फुटलेल्या पाठीवरून वरखाली फिरत होता आणि दर वेळी आतील एखादे पान किंचित पुढे येत होते.

"मग सहावा कधी आणू?" मुलाने विचारले. विचारताना त्याचा आवाज क्षणभर अडखळला.

"नको."

"नको? तुम्ही तर म्हणता, मधे सोडायचं नसतं."

"सहाव्यापासून पुढं आता घरी येऊनच वाचीन. खिडकीशी बसून. इथला उजेड बरोबर नाही."

"असं म्हणता?"

"असंच."

"चालेल," मुलगा म्हणाला. "चालेल, बाबा. तेच बरं." तो उठला, आणि किती लवकर उठलो हे ध्यानात आल्यामुळे पुन्हा अर्धवट बसला. "डॉक्टर म्हणाले आहेतच, आठपंधरा दिवसांत सोडू. निघू मी आता? कचेरीतून जरा…"

"नीघ. पण एक काम कर. माझ्या खोलीतला दिवा फार मंद झालाय. मी यायच्या आत बदलून ठेव."

मुलगा दोन्ही खाटांच्या मध्ये उभा राहिला. ड्रायव्हरने वर्तमानपत्र खाली केले आणि दोघांकडे पाहिले.

"कुठला दिवा, बाबा?"

"खुर्चीवरचा. कपाटाच्या बाजूचा."

"हां. तो. ठेवतो बदलून."

"विसरशील. लिहून घे."

मुलाने खिशातून फोन काढला. पडद्याच्या प्रकाशात त्याचा चेहरा निळसर दिसू लागला. तो एकेक अक्षर दाबीत लिहू लागला.

"पांढरा आणू की पिवळा?"

"पिवळा."

"किती वॅटचा?"

बाइंडरने छताकडे पाहिले, थोडा वेळ मनापासून विचार केला, आणि सांगितले.