वाटसराचं अळणी पान

काळी नदीतल्या त्या बेटावर मांजरं होती, कुत्रा नव्हता. कुत्रा आणला की तो पोहून पलीकडच्या गुंद गावच्या वाटेला लागायचा.

*

तांबड्या मुंग्यांचं घरटं उतरवायचं तर पहाटे. गारठ्यात त्या सुस्त असतात आणि चावायचा त्यांना कंटाळा येतो.

*

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी सुप्याच्या बाजारात एक माणूस चणे खाता खाता बसल्या जागी मेला. चणे कुणी उचलले नाहीत.

*

करांद्याचा कंद कडू असतो. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरायच्या आणि टोपली वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. कडूपणा नदी घेऊन जाते. पुढे तो कुणाच्या ताटात पडतो ते आपण बघायचं नाही.

*

बेळगावचा एक कारकून सुप्याला पोचून म्हणाला, "बेटावरच्या बायकांच्या हाताला चव आहे. पण मीठ घालायला विसरतात."

*

विसरत नव्हत्या. वाटसराच्या पानात मीठ घालायचं नाही, ही बेटाची रीत होती. कालवण अळणी, कंद अळणी, चटणीसुद्धा अळणीच वाटायची. वाटसराने आपल्या कमरेच्या पिशवीतलं मीठ काढून पानाच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि आपल्या हाताने कालवून घ्यायचं. घरच्या हातचं मीठ पोटात गेलं की खाणारा घरचा झाला. घरचा झाला म्हणजे त्याचं सुतकही आलं. नदी दर पावसाळ्यात एखादा वाटसरू गिळायची, रान एखादा ठेवून घ्यायचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपला झाला असता तर बेटाचा जन्म सुतकातच गेला असता. म्हणून जुन्या माणसांनी ठरवून टाकलं होतं: पोटभर वाढा, मीठ वाढू नका.

यमुनेच्या घरी एकदा घाईत हात चुकला होता. यल्लापूरकडचा एक गाडीवान मिठाचं कालवण जेवला. तेव्हापासून तो यमुनेचा भाऊ. दर शिमग्याला येतो, एक नारळ आणतो आणि दहा नारळांचं जेवून जातो. यमुना कुरकुरली की नावाडी झिलू म्हणतो, "भाऊच हाय की तुझा. भावाला कुणी हाकलतं व्हय?"

*

फुलाची चूल बेटाच्या टोकाला, होडी लागायची तिथे. त्यामुळे भुकेला वाटसरू आधी तिच्याकडेच यायचा. नाचणीची भाकरी, उकडलेले कणगांचे कंद, पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेले नदीतले बारके मासे, आमसुलाचं सार, मुंग्यांची चटणी. नवखा माणूस चटणीतल्या मुंग्या बघून मागे सरायचा, मग शेजारचा खातोय म्हणून बोट लावायचा, मग आंबट लागली म्हणून परत मागायचा. जाताना कुणी तंबाखू ठेवून जाई, कुणी गुळाचा खडा, कुणी नुसताच "बरं झालं गे आई" म्हणून जाई.

रांधायची फुला, पण कंद खणायची, मासे पकडायची, झाडावर चढून मुंग्यांची घरटी उतरवायची ती तिची सून केशर. फुलाचा मुलगा वासू मानमोडीत गेला, तेव्हापासून घरात या दोघीच. लोकांना वाटायचं, म्हातारीला सुनेचे हातपाय हवेत. तेही खरं होतं. पण वासू नावाचा माणूस होता हे बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो भाताच्या ढिगाला मधोमध खड्डा करायचा, त्यात कालवण ओतायचा आणि मग गप्पांच्या नादात जेवायचंच विसरायचा, हे आता जगात दोघींनाच ठाऊक होतं. एकटीलाच ठाऊक उरलेली गोष्ट कुणाशी बोलायची?

*

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी झिलू होडी बांधून चुलीपाशी आला. केशर बाजूलाच मासे साफ करत होती.

"फुलाकाकी, मिठाचे बैल गुंदला उतरल्यात. उद्या दुपारी हितं."

"येऊ देत. दरवर्षी येतात."

"दरवर्षी बैल येतात. औंदा बैलवाल्या मारुतीनं दाढी करून घेतलीया."

"मग? माणसानं दाढी करू न्हाई?"

"तीन वर्सं बघतोय मी त्याला. अणशीचा घाट चढून येतो तवा बैल कुठला नि ह्यो कुठला ते शिंगावरनं वळखावं लागतं." झिलूने आवाज उतरवला, म्हणजे केशरला नीट ऐकू जाईल इतकाच. "गुंदचा न्हावी सांगत हुता. खानापूरला घर हाय, भाताचं रान हाय, बायको जाऊन बरीच वर्सं झाली. तुझ्या सुनेशी पाट लावायचं बोलणार हाय म्हणं. तुझ्यापाशी."

"न्हाव्याला कसं कळलं?"

"न्हाव्यापुढं एकदा मान दिली की माणूस बाकीचंबी देतो."

फुलाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. झिलूने केशरकडे पाहिलं. केशर मासे धूत राहिली. धुऊन झालेलेच मासे तिने पुन्हा पाण्यात घातले, मग म्हणाली, "आत्ते, उद्याला करांदे जरा जास्ती लावू?"

"लाव," फुला म्हणाली.

*

काही गोष्टींचा विचार फुला हाताने करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चटणी वाटली. तव्यावर परतलेल्या मुंग्या, लसूण, मिरची. वरवंटा पुढे गेला की वाटायचं: जाऊ दे पोरीला. मागे आला की वाटायचं: आणि मी?

मारुती माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. तो पानातलं टाकत नसे. बैलांना पाणी पाजल्याशिवाय स्वतः पीत नसे. बेटावरचं सगळं मीठ त्याच्याच बैलांच्या पाठीवरून यायचं आणि तोच इथे अळणी जेवायचा. त्यावर त्याने कधी विनोदसुद्धा केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी केशरने वाढलेला करांदा थोडा कडू राहिला होता. तो त्याने गुपचूप संपवला आणि वर पाणी मागितलं नाही. फुलाने ते पाहिलं होतं. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

नाही म्हणावं, तर केशर काही बोलणार नाही. आणि तिचं ते न बोलणं रोज चुलीशी येऊन बसेल.

केशर टोपली आणायला नदीवर गेली. चुलीवर माशांचं कालवण रटरटत होतं. वर, धुराच्या वाटेत, मिठाचं बांबूचं नळकांडं टांगलेलं होतं. दमट हवेत मीठ पाझरू नये म्हणून ते तिथेच असायचं.

फुलाला एकदम सगळं सोपं दिसलं. भांडण नाही, नकार नाही, कुणाचा अपमान नाही. मीठ पडलं की मारुती घरचा होईल. तिचा मुलगा होईल, केशरचा भाऊ होईल. दरवर्षी येईल, पोटभर जेवेल, सुखदुःख विचारेल. बहिणीशी कुणी पाट लावत नाही. यमुनेचा चुकला, तसा आपलाही हात चुकला म्हणायचं. म्हातारीचा हात चुकतोच.

तिने नळकांड्याचं बूच काढलं आणि मूठभर मीठ कालवणात सोडलं.

मीठ कालवणात विरघळायला वेळ लागत नाही. फुला पळी फिरवत राहिली, तरी हाताला ते खडे लागत असल्यासारखं तिला वाटत होतं.

*

मारुती आला. बैल पलीकडच्या काठावर सोबत्यापाशी ठेवून एकटाच झिलूच्या होडीतून आला. हनुवटी कापलेली होती, तिथे हळद लावलेली.

"न्हाव्याचा हात हलतोय वाटतं," फुला म्हणाली.

"न्हावी बोलत हुता, मावशी. हात त्याच्या मागनं चालला."

झिलू खो खो हसला. मारुती पाय धुऊन पानावर बसला. कमरेची पिशवी सोडून त्याने पानाच्या कोपऱ्यात मिठाची चिमूट ठेवली, नेहमीसारखी. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "मावशी, एक बोलायचं हाय. आधी बोलू, का जेवून बोलू?"

"आधी जेव," फुला म्हणाली. ती फार पटकन म्हणाली.

केशरने भाकरी वाढली. कणगं वाढली, सालीतून नुकतीच सोडवलेली, वाफाळती. करांदे वाढले. मुंग्यांची चटणी वाढली. निखाऱ्यातला पानाचा पुडा सोडला तेव्हा हळदीचा आणि करपल्या पानाचा वास सगळीकडे पसरला आणि झिलू म्हणाला, "माझ्या पानाची वाट चुकली काय?"

"तुला कोण वाटसरू म्हणतं? बस तिकडं," केशर म्हणाली.

मग तिने कालवणाचं मडकं उचललं. पळी भरली. आणि तिची नजर वर गेली. नळकांड्याला बूच नव्हतं. ते खाली चुलीच्या दगडावर पडलेलं होतं आणि त्याच्याशेजारी मिठाचे चारदोन खडे.

घरच्यांसाठी मीठ नंतर घालायचं, वाटसरू उठून गेल्यावर. दोघींपैकी कुणीही त्याआधी त्या नळकांड्याला हात लावत नसे.

केशरने फुलाकडे पाहिलं. फुला भाकरी थापायला लागली. पीठ संपलं होतं तरी थापायला लागली.

पळी मारुतीच्या पानावर थांबली. एक थेंब पळीच्या कडेला लोंबत होता. मारुती पानाकडे बघत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. झिलू कणगं सोलत होता.

"आत्ते," केशर म्हणाली, "वाढू?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. कुणाला काय, किती, कधी वाढायचं ते ती फुलाच्या आधी जाणायची. आवाजात राग नव्हता. तो असता तर फुलाला बरं वाटलं असतं. रागावर बोलता येतं. केशर खरंच विचारत होती. फुला व्हय म्हणाली असती तर तिने वाढलं असतं, पळी परत मडक्यात ठेवली असती आणि संध्याकाळी मुंग्यांची घरटी बघायला रानात गेली असती.

फुलाचा थापता हात रिकाम्या परातीत थांबला.

"नको," ती म्हणाली. "ठेव ते. त्यात मीठ पडलंय."

झिलूचा हात तोंडाशी थांबला. मारुतीने वर पाहिलं, मग मडक्याकडे, मग फुलाकडे. शेवटी झिलूच म्हणाला, "मग माझ्याकडं सरकवा. मी जन्माचा घरचाच हाय, आता आणखी काय व्हायचं राहिलंय माझं."

केशरने त्याला वाढलं. अर्धं कालवण पानाबाहेर गेलं.

मारुती बराच वेळ करांद्याची एक चकती मिठात फिरवत राहिला. "हात चुकला व्हय, मावशी?"

म्हणायला जागा होती. ती जागा फुलाने सकाळीच शेणाने सारवल्यासारखी तयार करून ठेवली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "घातलं मी."

मारुतीने मान हलवली. त्याने ती चकती तोंडात टाकली, सावकाश चावली. भाकरी संपवली, चटणी बोटाने पुसून घेतली. जेवताना त्याला रागावता येत नसावं. पान रिकामं झाल्यावर तो म्हणाला, "मग आता बोलू, का उठू?"

फुलाने केशरकडे पाहिलं. केशर मडक्याशी पाठ करून बसली होती आणि पदराने काहीतरी पुसत होती, चुलीचा दगड किंवा डोळे. पाठीवरून काही कळत नव्हतं.

"तिला इचार," फुला म्हणाली. "माझ्याशी काय बोलायचं? म्या काय ते केलंच की."

"केशर," मारुती म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारल्याचं बेटाने पहिल्यांदाच ऐकलं. पुढचं वाक्य त्याने घाट चढताना नक्कीच तयार केलं असणार, पण ते त्याला आठवलं नाही. "खानापूरला करांदे मिळतात," तो म्हणाला. "पण नदी जरा लांब हाय."

केशर हसली. पाठीवरून एवढं मात्र कळलं.

"आणि हितले करांदे कुणी धुवायचे?" ती न वळता म्हणाली.

"झिलू धुईल," फुला म्हणाली.

"मी?" झिलूचं तोंड भरलेलं होतं. "मला कडू-गोड कळत न्हाई, काकी. मी नावाडी हाय."

"टोपली पाण्यात दाबायला जीभ लागत न्हाई."

"आन् झाडावर? मुंग्या माझ्या वळखीच्या न्हाईत."

"हुतील."

पौषात पाट लावत नाहीत, म्हणून माघ ठरला. मारुती उठला, पान त्याने स्वतःच उचललं आणि होडीकडे गेला. झिलूने जाताना मडक्यातलं उरलेलं कालवण वाकून पाहिलं, म्हणाला, "जरा खारट हाय," आणि पळाला. खरंच खारट होतं. मूठ मोठी पडली होती.

सासू-सून जेवायला बसल्या. फुलाने केशरच्या पानात भात वाढला आणि नकळत ढिगाच्या मधोमध बोटांनी खड्डा केला. केशरने त्यात कालवण ओतलं. खारट कालवणावर दोघी पाणी पीत पीत जेवल्या आणि वासूबद्दल बोलल्या, त्याच्या मोडक्या गळाबद्दल, तो कुठून कुठून पडला होता त्याबद्दल. फुला म्हणाली, "हे सगळं कुणाला तरी सांगून ठेव तिकडं." केशर म्हणाली, "कुणाला सांगू, आत्ते? ते मीठ इकणारे लोक." मग दोघींनी पानं उचलली.

नव्या सुनेच्या पहिल्या भातात सासूने मीठ घालायचं असतं. पण केशर लग्न होऊन बेटावर आली त्या दिवशी फुला तापाने पडली होती, आणि ते मीठ वासूने घातलं होतं. त्यानंतर घरचं मीठ केशरच घालत आली; फुलाच्या हातचं मीठ तिच्या पोटात गेलं ते आज, पहिल्यांदा.