पाण्याची पाळी मोजणारा खांब

मित्रांनो, आखाती देशातल्या इब्राजवळच्या एका खेड्यात बोरीच्या लाकडाचा एक जुना खांब उभा आहे, तो मी. डोंगरातून येणारा पाट, इथल्या भाषेत फलज, साऱ्या गावाचा सामाईक आहे. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळावे, हे माझी सावली ठरवते. तिच्या वाटेवर दगड रोवले आहेत. सावलीचे टोक दगडाला टेकले की पाळी बदलते. आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे. पण घड्याळांवर गावाचे एकमत होत नाही, सावलीवर होते.

भर दुपारची पाळी रत्नागिरीच्या हुसैनमियाँची. तो अर्बाबाची, म्हणजे मालकाची, लिंबाची रोपे सांभाळतो. सावली उत्तरेच्या रेघेवर आली की त्याचे पाणी सुरू होते आणि ती लांबत पहिल्या दगडाला टेकली की संपते. या उन्हाळ्यात मात्र पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेना. रोपांनी माना टाकल्या.

"खलास, हुसैन!" पाळ्या पाहणारा म्हातारा हमझा दगडाकडे बोट दाखवी आणि पाट वळवी.

"चाचा, माझी ओळ सुकीच राहिली!"

दुकानदार मुनीर चिडवी, "लिंबं मेली तर अर्बाब तुला रत्नागिरीचं तिकीट काढून देईल. फक्त जातानाचं!"

"हसतोस काय रे? म्हातारा लबाडी करतोय."

कोणी म्हणाले, शेताला नजर लागली. नजरेविषयी मला काही सांगता येणार नाही, उंचीविषयी येते.

उन्हाने माझे टोक तडकले होते. हुसैनमियाँच्या गावी पाऊस मुरू नये म्हणून कुंपणाच्या खांबावर मडके उपडे घालत. तसेच एक मडके त्याने या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मायेने माझ्या डोक्यावर घातले होते. मी वीतभर उंच झालो. सावली लांबली आणि पहिला दगड लवकर गाठू लागली. हमझाची नजर सदैव जमिनीवर. पाळ्या लवकर बदलू लागल्या, म्हणून सूर्यास्तापर्यंत चालणाऱ्या संध्याकाळच्या पाळीला जास्त पाणी मिळू लागले. तिथून तक्रार आली नाही.

अखेर भांडायच्या तयारीने हुसैनमियाँ दगडापाशी उकिडवा बसला. दगडाला टेकलेले सावलीचे टोक गोल होते. त्याने वर पाहिले.

"या अल्ला! हे तर माझंच मडकं!"

गुपचूप उतरवता आले असते. त्याने हमझाला हाक मारली, माफी मागितली, त्याच्यासमोर मडके उतरवले आणि दोघे मिळून अर्बाबाकडे गेले.

"आधी लिंबं जगव," अर्बाब म्हणाला, "मग बघू."

काही रोपे गेली, बरीच सावरली. गेलेल्यांच्या जागी नवी लावायचे काम अर्बाबाने हुसैनमियाँलाच दिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. फक्त हात लावण्यापूर्वी विचारा, ही वस्तू करते काय?