अडतीस लेव्हलचा वीर

गणपत तावड्यांचा वीर गावाची वेस ओलांडायला तयार नव्हता.

हा वीर कंप्युटरवरच्या खेळातला. पद्मजाने, त्यांच्या मुलीने, बंद पडलेल्या सायबर कॅफेतून जुना कंप्युटर घोडपदेवच्या खोलीत आणला, तेव्हा खेळ त्यात आधीपासूनच होता. एक गाव, गावाबाहेर माळ, माळापलीकडे डोंगर आणि डोंगरात राक्षस. माळावर हिरवे गोळे भेटायचे. गोळे मारत राहिलं की वीराची ताकद वाढायची, लेव्हल वर जायची. पद्मजाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "बाबा, वीस झाली की डोंगरात जायचं. पुढे गोळे मारून उपयोग नाय."

वीस दिवाळीआधीच झाली. आता शिमगा तोंडावर आला होता आणि गणपतराव अडतीसवर होते. गिरणीच्या पाळीला गेल्यासारखे सकाळी खुर्चीत बसायचे ते साडेतीनला उठायचे. जेवणाच्या सुट्टीत वीरालाही खेळातल्या गावच्या धर्मशाळेत झोपवायचे. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणायच्या, संपात गिरणी गेली त्याला वीस वर्षं होत आली, पण ह्यांचा साचा काही बंद पडत नाही.

हसणाऱ्यांनी हसावं. गणपतरावांचा डावा डोळा कुठे गेला हे मात्र माहीत करून घ्यावं. शहात्तर साली ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बदली म्हणून लागले. कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यांवर उभं राहायचं, हे बदलीचं काम. दुसऱ्याच दिवशी जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, चार साचे त्यांच्या गळ्यात मारले. हात कच्चा होता. आडवं सूत नेणारा धावता धोटा साच्यातून उडाला तो थेट डोळ्यावर. पुढे नोकरी संपात गेली, तिचा दोष ते कुणाला ना कुणाला देत आले. डोळ्याचा दोष त्यांनी स्वतःकडे ठेवला. तयारी नसताना उभा राहिलो, एवढंच त्यांच्या मनाने धरलं.

म्हणून पद्मजा गेल्या पावसाळ्यात फोर्टमधल्या एका ऑफिसातून इंटरव्ह्यू देऊन रडत आली, तेव्हा त्यांना साच्यावरचा तो दुसरा दिवस आठवला. इंग्रजीत विचारलं आणि तिची वाचाच बसली होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही. मग तिने दादरला इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला, एप्रिलपर्यंतचा.

आणि फेब्रुवारीत दुसऱ्या ऑफिसचं इंटरव्ह्यूचं पत्र आलं. पोस्टमनने ते गणपतरावांच्याच हातात दिलं. त्यांनी तारीख पाहिली, पुढचा बुधवार, अकरा वाजता. पत्र त्यांनी ट्रंकेत, तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. एप्रिलपर्यंत हात पक्का होऊ दे, मग देऊ. गिरणीच्या गेटवर आज नंबर लागला नाही तर उद्या लागायचा. ऑफिसंही तशीच बोलावत असतील, असं त्यांना खरोखर वाटलं.

बुधवार गेला. शुक्रवारी दुपारी क्लासला सुट्टी होती. पद्मजा स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली.

"आज डोंगरात जाऊया, बाबा."

"आणखी दोन लेव्हल होऊ दे गो."

"काय नाय होत. मी आहे ना."

तिनेच वीराला माळावरून पुढे नेलं. राक्षस चांगला पडदाभर मोठा होता. वीराने तीन घाव घातले आणि राक्षस आडवा झाला. वीराला साधं खरचटलंही नाही.

पद्मजा हसत सुटली. "बघा. पंधरालाच मेला असता हा. चार महिने फुकट गोळे मारलेत तुम्ही."

गणपतरावांना हसू आलं नाही. आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता कळलं, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. ते उठले, ट्रंक उघडली आणि पत्र तिच्या हातात ठेवलं.

तिने ते दोनदा वाचलं. "हे कधी आलं?"

"दहा दिवस झाले."

"आणि तुम्ही ठेवून घेतलंत?"

"म्हटलं, तुझी तयारी होऊ दे. परत तसं झालं असतं तर..."

"माझं झालं असतं ना," ती म्हणाली. "तुमचं काय जात होतं?"

"मला भीती वाटली गो."

ती उठली. चपला घालून कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे गेली. गणपतराव उभेच राहिले.

पंधरा मिनिटांनी पद्मजा परत आली. जागा भरली होती. तिने पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं, आणि स्टूल उचलून जागेवर नेलं. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"फोनवर ऑफिसातल्या बाईशी सगळं इंग्रजीत बोलले. चुकलं दोन-तीनदा. तिला कळलं." पुढे म्हणाली, "यापुढे माझं पत्र आलं तर मला द्यायचं, बाबा. मी कच्ची असले तरी."